‘सॉरी’मध्ये माफी असते का?

एका वाचक भगिनीचे पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात देत आहे.

“माझ्या संसारातली एक अत्यंत खासगी गोष्ट मी माझ्या बालमैत्रिणीला विश्वासाने सांगितली होती. तिने ती आमच्या ओळखीच्या दोघींना सांगितली आणि फिरत फिरत ती माझ्याच कानावर परत आली. मी तिच्याशी बोलणे बंद केले. तीन महिन्यांनी तिचा मेसेज आला : ‘सॉरी गं. तुझी गोष्ट मी कुणाजवळ बोलायला नको होती. खूप वाईट वाटतंय. पण तेव्हा मला वाटलं, त्या दोघींची तुला मदतच होईल.’ मी उत्तर दिले नाही. मी भाषेची विद्यार्थिनी आहे. ‘सॉरी’ या शब्दाचे मूळ शोधले तेव्हा कळले की तो जखम, वेदना अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःला दुःख होत आहे, एवढेच तो सांगतो. चूक कबूल करत नाही. मग याला माफी कसे म्हणायचे? चुकून धक्का लागला तरी लोक हाच शब्द वापरतात. माझी मुलगी म्हणते, ‘आई, सॉरी म्हणजे सॉरी, त्याचं मूळ कसलं शोधतेस?’ मैत्रिणीने स्वच्छ मराठीत ‘मला माफ कर’ असे म्हणावे, असा निरोप मी तिला द्यावा का? आणि त्या मेसेजला आता आठ महिने झाले आहेत. इतक्या उशिरा उत्तर देणे विचित्र दिसेल का?”

शब्दाच्या मुळाबद्दल तुम्ही जे वाचले आहे ते बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तुम्ही भाषेच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून आधी शब्दाकडेच नीट पाहू. तुमचे म्हणणे ज्या पायावर उभे आहे तो तपासल्याशिवाय मी दिलेला कोणताही सल्ला तुम्हाला वरवरचा वाटेल.

‘सॉरी’ हा इंग्रजीतला जुना, घरचा शब्द आहे. लॅटिन किंवा फ्रेंचकडून घेतलेला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचे रूप ‘सारिग’ असे होते आणि ते ‘सार’ या शब्दापासून तयार झाले होते. ‘सार’ म्हणजे जखम, ठणका, वेदना. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्तान’चा जसा ‘स्टोन’ झाला आणि ‘हाम’चा ‘होम’ झाला, तसाच या ‘सार’चा ‘सोअर’ झाला. घसा दुखत असला की इंग्रजीत ज्याला ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला. दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ हा शब्द मात्र, ऐकताना कितीही जवळचा वाटला तरी, ‘सॉरी’चा भाऊबंद नाही. त्याचे मूळ ‘सोर्ग’ असे वेगळे आहे आणि जर्मन भाषेत त्याच्याच नात्यातला शब्द काळजी, चिंता या अर्थाने आजही वापरात आहे. हे दोन शब्द शतकानुशतके शेजारी राहिले, त्यांचे अर्थ एकमेकांना लागून होते, आणि त्यामुळे ‘सॉरी’च्या रूपावर ‘सॉरो’ची छाया पडली. अनेक इंग्रजी भाषकसुद्धा त्यांना एकाच घरातले समजतात. तुम्ही हा गैरसमज टाळून खऱ्या मुळापर्यंत गेलात, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

पण त्याच ‘सार’च्या कुळातल्या दुसऱ्या एका शब्दाकडे पाहा. जर्मनमध्ये ‘खूप’ म्हणायचे असेल तर ‘झेअर’ म्हणतात. हा शब्दही जखमेच्या, वेदनेच्या त्याच मुळातून निघालेला आहे. आधी त्याचा अर्थ ‘दुखेल इतके’ असा होता, मग ‘तीव्रपणे’, आणि आता नुसता ‘खूप’. जर्मन माणूस ‘खूप छान’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी तोच जखमेचा शब्द असतो आणि मनात वेदनेचा लवलेशही नसतो. आपणही ‘भयंकर आवडले’ म्हणतो, तेव्हा भय कुठे असते? स्वतः ‘सॉरी’ही एका जागी थांबलेला नाही. ‘दुःखी’ या अर्थाला फार लवकर ‘दयनीय, केविलवाणा’ या अर्थाची जोड मिळाली. शेक्सपिअरच्या मॅकबेथने खून करून आल्यावर स्वतःच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहून जे ‘सॉरी’ दृश्य म्हटले, ते या अर्थाने. तिथे तो क्षमा मागत नाही आणि आपल्याला वाईट वाटते असेही नेमके म्हणत नाही. ते दृश्य पाहवत नाही, असे म्हणतो. नुसता एक शब्द उच्चारून दिलगिरी व्यक्त करण्याची रीत तर या शब्दाच्या आयुष्यात बरीच उशिरा आलेली आहे.

आता माफीसाठी इंग्रजीत जो भारदस्त शब्द मानला जातो, त्या ‘अपॉलॉजी’कडे वळू, कारण तुमच्या तर्काची खरी कसोटी तिथे लागते. हा शब्द ग्रीक ‘अपोलोगिया’पासून आला आहे आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बचावाचे भाषण असा होता, आरोपीने न्यायासनासमोर स्वतःच्या बाजूने करायचे भाषण. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याने तिथे केलेले म्हणून जे भाषण प्लेटोने लिहून ठेवले आहे, त्याचे नाव हेच आहे, आणि त्या भाषणात सॉक्रेटिस कशाचीही क्षमा मागत नाही. इंग्रजीतही हा शब्द सोळाव्या शतकात आला तो बचाव याच अर्थाने. फिलिप सिडनी या इंग्रज कवीचा कवितेवरचा प्रसिद्ध निबंध १५९५ मध्ये दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत छापला गेला. एकीच्या नावात ‘डिफेन्स’ होते आणि दुसरीच्या नावात ‘अपॉलॉजी’, कारण दोन्ही शब्द तेव्हा एकच गोष्ट सांगत होते. पुढे ‘माझ्या वागण्याचा खुलासा’ या वाटेने तो ‘माझ्या चुकीची कबुली’ इथवर पोहोचला.

मुळावरूनच शब्दाची लायकी ठरवायची, तर मैत्रिणीने ‘सॉरी’ म्हटले हे बरे झाले असे म्हणावे लागेल. मुळाप्रमाणे ती म्हणाली, ‘मला जखम झाली आहे’. तिने ‘अपॉलॉजी’ हा शब्द वापरला असता, तर मुळाप्रमाणे ती स्वतःचा बचाव करत होती. हा निष्कर्ष तुम्हाला मान्य होणार नाही, मलाही तो मान्य नाही. शब्द कुठून निघाला यावरून आज तो वापरणाऱ्या माणसाला काय म्हणायचे आहे हे ठरत नाही. आपल्याच भाषेतला एक शब्द घ्या, जो तुमच्या पत्रात दिसत नसला तरी सगळीकडे जाणवतो : राग. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, लाली, आसक्ती, प्रेम. ‘अनुराग’ या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. मराठीत आपण संतापाला राग म्हणतो. ‘मला तुझा राग आला आहे’ असे तुम्ही मैत्रिणीला लिहिलेत आणि तिने शब्दकोश काढून ‘मुळात याचा अर्थ प्रेम असा आहे’ असे उत्तर दिले, तर तुम्हाला ते सहन होईल का? तिच्या शब्दाला तुम्ही जवळजवळ हाच न्याय लावला आहे.

तुमची दुसरी समजूत अशी दिसते की हीच गोष्ट मराठीत म्हटली असती तर ती खरी ठरली असती. ‘माफ’ हा शब्द अरबीतला, फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आलेला. ‘दिलगीर’ फारसी, त्यात ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारे, पकडणारे. हृदय आवळून आले आहे असे सांगणारा हा शब्द ‘सॉरी’च्या किती जवळ आहे पाहा : तोही बोलणाऱ्याची अवस्था सांगतो, चुकीबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारी तगमग, तीही बोलणाऱ्याचीच. ‘क्षमा’ संस्कृत आहे आणि ज्या ‘क्षम्’ धातूपासून ‘क्षमता’ आणि ‘सक्षम’ हे शब्द आले, त्याच धातूचा तो शब्द आहे. सहन करणे, पेलणे हा त्याचा गाभा. या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याचा संबंध तिच्यापेक्षा तुमच्याशी अधिक आहे.

चांगले मराठी शब्द असूनही माफी पोकळ असू शकते, हे मी अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी माझे लिखाण माझ्या परवानगीविना दुसऱ्याच्या नावाने छापले गेले. मी विचारणा केल्यावर जे पत्र आले त्यात शेवटची ओळ होती : ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही क्षमाप्रार्थी आहोत.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण ‘असल्यास’ या एका शब्दाने घडलेली गोष्ट शक्यतेच्या कोटीत गेली होती, आणि ‘भावना दुखावल्या’ या शब्दांनी त्यांची कृती बाजूला राहून माझी हळवी प्रकृती पुढे आली होती. तुमच्या मैत्रिणीच्या चार वाक्यांत ‘असल्यास’ नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम दाखवतो आहे.

आणखी एक. तिने वापरलेला ‘सॉरी’ हा खरे पाहता इंग्रजी शब्दच राहिलेला नाही. परभाषेतला शब्द आपल्याकडे येतो तेव्हा त्याचे सगळे अर्थ बरोबर येत नाहीत. इंग्रजीत कुणी गेल्याचे कळले की ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतात आणि त्यात सहवेदना असते, अपराध नसतो. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही तरी तोच शब्द प्रश्नार्थक सुरात म्हणतात. मराठीत तो रुळला तो प्रामुख्याने ‘चुकले’ या अर्थाने. लहान मुलाने दुसऱ्याचे खेळणे तोडले की मोठी माणसे त्याला ‘सॉरी म्हण’ म्हणतात, तेव्हा ते त्याला स्वतःचे दुःख सांगायला शिकवत नसतात. ‘सॉरी गं’ यातला ‘गं’ तर कोणत्याच इंग्रजी कोशात सापडणार नाही, आणि माझ्या मते त्या वाक्यातला सर्वांत बोलका शब्द तोच आहे. तुमची मुलगी म्हणते त्यात म्हणूनच तथ्य आहे, जरी तिने ते घाईने म्हटले असले तरी.

एवढे म्हटल्यावर तुमच्या शंकेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती शंका निराधार नाही. ‘मला वाईट वाटते’ आणि ‘माझे चुकले’ हे दोन्ही अर्थ या शब्दात शेजारी नांदतात, आणि त्या संदिग्धतेवर मोठमोठी राष्ट्रे अडखळली आहेत. १ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला आणि अमेरिकी विमानातले २४ जण हैनान बेटावर अडकून पडले. चीनला स्पष्ट माफी हवी होती, अमेरिकेला चूक कबूल करायची नव्हती. अखेर ११ एप्रिलला अमेरिकी राजदूताने जे पत्र दिले त्यात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदा होते, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीविना चिनी हद्दीत शिरून विमान उतरवल्याबद्दल. चीनने ती आपल्या जनतेला माफी म्हणून सांगितली, अमेरिकेने आपल्या जनतेला ती माफी नसल्याचे सांगितले, आणि माणसे घरी गेली. एकाच शब्दात दोन्ही देशांना आपापला अर्थ सापडला.

ऑस्ट्रेलियात याच शब्दासाठी लोकांनी दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. तिथल्या आदिवासी मुलांना सरकारी धोरणाने पिढ्यान्‌पिढ्या आईवडिलांपासून तोडले गेले होते. त्याचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये संसदेत मांडला गेला. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ‘गाढ आणि प्रामाणिक खेद’ व्यक्त करणारा ठराव आणला, पण ‘सॉरी’ म्हणायचे त्यांनी टाळले, आणि लोकांना तो टाळलेला शब्दच सलत राहिला. २८ मे २००० रोजी सिडनीच्या बंदरावरच्या पुलावरून प्रचंड जनसमुदाय चालत गेला, तेव्हा वर आकाशात एका विमानाने धुराच्या अक्षरांत तो एकच शब्द लिहिला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो उच्चारला तेव्हा सभागृहात आणि बाहेर लोक रडत होते. तिथे ‘सॉरी’ हलका शब्द ठरला नाही. उलट ‘खेद’ हा प्रतिष्ठित शब्द पळवाटीचा ठरला. का? कारण रड यांनी तो नुसता उच्चारला नाही, तर कोणत्या कायद्यांबद्दल, कोणत्या धोरणांबद्दल, कोणाला झालेल्या कोणत्या वेदनेबद्दल तो आहे, हे त्याच भाषणात सांगितले.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये माफीविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यात ‘सॉरी’ म्हणणे, सहानुभूती दाखवणे, खेद व्यक्त करणे या सगळ्याला माफी म्हटले आहे, मग त्यात चुकीची कबुली असो वा नसो, आणि असे बोलणे कोर्टात दोषाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही अशी तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना हा शब्द सोडवून सांगता आला नाही, म्हणून त्यांनी त्याच्याभोवती कुंपण घातले. तुम्हाला तो सोडवता आला नाही यात नवल नाही.

आता मेसेजकडे येऊ. तो तुम्ही पत्रात पूर्ण उतरवून दिला आहे आणि चर्चा मात्र त्यातल्या पहिल्या शब्दाचीच केली आहे. माझी विनंती आहे की तो पुन्हा एकदा, पहिला शब्द हाताने झाकून वाचा. ‘तुझी गोष्ट मी कुणाजवळ बोलायला नको होती.’ यात ‘मी’ आहे. काय केले ते आहे. ते करायला नको होते हेही आहे. तुम्ही जी कबुली ‘सॉरी’च्या मुळात शोधत होता आणि जी तिथे सापडली नाही, ती पुढच्याच वाक्यात स्वच्छ मराठीत लिहिलेली आहे. तिसरे वाक्य वेदनेचे : ‘खूप वाईट वाटतंय’. मूळ ‘सॉरी’चा अर्थ हाच. आणि चौथे वाक्य ‘पण’ने सुरू होते. हे वाक्य म्हणजे ग्रीक अर्थाची ‘अपोलोगिया’, बचावाचे भाषण. मला वाटते तुम्हाला खरा त्रास या चौथ्या वाक्याचा झाला आहे. ‘तुला मदतच होईल’ या शब्दांत तुमच्या भल्याचा निर्णय तिने तुम्हाला न विचारता घेतल्याची कबुलीही आहे आणि त्याचे समर्थनही आहे, आणि ते समर्थन तुम्ही अजून मान्य केलेले नाही. ते मान्य न करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मग तक्रार ‘पण’बद्दल करायला हवी, ‘सॉरी’वर ती काढणे म्हणजे ज्याचा दोष नाही त्याला शिक्षा देणे होय.

मेसेजमध्ये जे नाही तेही पाहू. त्या दोघींना नेमके किती सांगितले, हे त्यात नाही. त्यांच्याशी ती पुन्हा बोलली का, गोष्ट पुढे जाऊ नये म्हणून तिने काही केले का, हे नाही. तुमच्यावर या सगळ्याचा काय परिणाम झाला असेल, याची विचारपूस नाही. तुम्हाला ‘मला माफ कर’ हे तीन शब्द हवे आहेत असे तुम्ही लिहिता. मला मात्र वाटते की उद्या तिने ते तीन शब्द पाठवले तर तुम्ही ‘माफ’ शब्दाचे मूळ शोधायला बसाल, कारण ज्या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला हवी आहेत ती त्या शब्दांतही नसतील. हे कठोर वाटले तर समजून घ्या. आठ महिने एका शब्दाची छाननी करणारे माणूस बहुतेक वेळा त्या शब्दामागच्या माणसाशी बोलायला घाबरत असते, आणि विश्वास एकदा तुटल्यावर तसे घाबरणे अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून ठरावीक शब्दांत माफी मागण्याचा निरोप तुम्ही देऊ नये, असे मला वाटते. मागून घेतलेले शब्द मिळाले तरी ते तुमचेच असतात, आणि ते ऐकताना हे तुम्हाला जाणवत राहील. शिवाय ‘सॉरी चालणार नाही, मराठीत म्हण’ हे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा तिला त्यात तुमचे दुखणे ऐकू येणार नाही. भाषेची परीक्षा घेतली जात आहे, एवढेच वाटेल. निरोप तिसऱ्या व्यक्तीमार्फत तर मुळीच देऊ नका. तिसऱ्या व्यक्तीमुळेच हे सगळे घडले आहे.

‘झाले गेले विसरून जाऊ’ असे लिहून मोकळे होणे हाही पर्याय आहे, पण तुमच्या पत्राच्या स्वरावरून तो आज तुम्हाला पेलेल असे दिसत नाही, आणि न पेलणारी क्षमा देऊ नये. ‘क्षमा’ आणि ‘क्षमता’ यांचे नाते मी वर सांगितले ते यासाठी. क्षमा मागणाऱ्याला ती मागता येते. ती देण्याचे बळ देणाऱ्यात यावे लागते, आणि ते कोणाच्या मेसेजच्या तारखेप्रमाणे येत नाही. शिवाय माफी स्वीकारणे आणि पूर्वीचा विश्वास परत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिची कबुली तुम्ही खरी मानू शकता आणि तरीही पुन्हा कधीच तिला खासगी काही सांगणार नाही, असे ठरवू शकता. अनेक वाचक या दोन गोष्टी एकच समजतात आणि म्हणून माफी स्वीकारायलाच कचरतात. ती स्वीकारली की सगळे पूर्ववत करावे लागेल, अशी त्यांना भीती असते. तसे काही करावे लागत नाही.

मी सुचवेन तो मार्ग असा : तिला उत्तर द्या, पण शब्दाबद्दल नव्हे, घटनेबद्दल. तिच्या दुसऱ्या वाक्याची नोंद घ्या, चौथ्या वाक्याशी असलेला मतभेद सांगा, आणि जे जाणून घ्यायचे आहे ते सरळ विचारा. प्रश्न दोन-तीनच असावेत आणि त्यांची उत्तरे देता येण्यासारखी असावीत. ‘तू असे का केलेस’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पुन्हा बचावच येईल. ‘त्यांना तू काय काय सांगितलेस’ याचे उत्तर माहितीचे येईल. तिच्या उत्तरात पुन्हा बचावच जास्त असेल, तर तुम्हाला हवे ते कळलेले असेल. ती थांबून, आठवून, नीट सांगत असेल, तर तेही कळेल. भेटीचा आग्रह पहिल्याच पत्रात धरू नका. दोघींनाही लिहिताना विचार करायला अवधी मिळतो आणि तुमच्यासारख्या शब्द जपणाऱ्या व्यक्तीला तो अवधी उपयोगी पडेल.

ज्यांना स्वतःला कुणाची माफी मागायची आहे आणि ‘सॉरी’ म्हणावे की आणखी काही, असा प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी या मेसेजमध्येच धडा आहे. ‘सॉरी’ खुशाल म्हणा. मात्र लगेच पुढच्या वाक्यात स्वतःला कर्ता करा आणि काय केले ते नाव घेऊन सांगा. ‘जे झाले ते व्हायला नको होते’ या वाक्यात करणारा कोणीच नसतो. ‘पण’ मनात असेल तर तो त्या दिवशी लिहू नका. कारणे खरी असू शकतात, ती समोरच्याने विचारल्यावर सांगावीत, तेव्हा ती खुलासा म्हणून ऐकली जातात. न विचारता सांगितली की बचाव होतो. आणि जे बिघडले त्यातले काय दुरुस्त करता येईल, ते आधी करून मग लिहिता आले तर फारच उत्तम.

तुमचा शेवटचा प्रश्न उशिराचा होता. आठ महिने हा काळ लांब आहे, पण तिने स्वतः तीन महिने घेतले होते, तेव्हा उशीर ही गोष्ट तिला समजण्यासारखी आहे. उशिराची सबब सांगू नका, फक्त त्याची नोंद घ्या. खाली जो मसुदा देत आहे तो तसाच वापरावा असा आग्रह नाही. तुमच्या दोघींच्या बोलण्याची धाटणी मला ठाऊक नाही, ती तुम्हीच त्यात आणाल.

‘तुझा मेसेज मिळाला होता. उत्तर द्यायला मला आठ महिने लागले. बोलायला नको होतं असं तू लिहिलंस, ते मी वाचलं आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. मदत होईल असं तुला वाटलं असेल, पण ती हवी की नको हे मला विचारायला हवं होतंस; ते अजून दुखतंय. त्या दोघींना तू नेमकं काय सांगितलंस, आणि त्यानंतर हा विषय त्यांच्याशी पुन्हा निघाला का, एवढं मला लिहून कळव. सवडीने लिही, पण सगळं लिही.’

हे पाठवण्याआधी एक रात्र तसेच ठेवा. सकाळी वाचताना ‘अजून दुखतंय’ हे शब्द नकोसे वाटले तर काढून टाका. मी ते मुद्दाम घातले आहेत, कारण तिच्या पहिल्या शब्दाचा जुना अर्थ तोच होता.